चुलूनबातचं मनगट

उलिआस्तायच्या दवाखान्यातलं क्ष-किरणाचं यंत्र जुनं आहे,
थंडीत ते माझ्यासारखंच उशिरा जागं होतं.
बाहेर उणे चौतीस.
नानसल्मा आत आली तेव्हा तिच्या कडेवर
एक गाठोडं होतं. मेंढीचं कातडं,
मग नमद्याचा तुकडा, मग लाल शाल,
दोरीचे तीन वेढे,
आणि सगळ्यांच्या आत, खूप आत,
अडीच वर्षांचा चुलूनबात.

चुलून म्हणजे दगड. बात म्हणजे पक्का.
आधीची दोन राहिली नव्हती,
म्हणून बापाने नाव मुद्दाम जड ठेवलं,
वाऱ्याला उचलता येऊ नये इतकं.

त्याला उभं केलं.
दोन गुडघ्यांच्या मधून
एखादं कोकरू सहज पार झालं असतं.
मनगटं जाड, आत कुणी मणी ओवल्यासारखी.
"हात इथे ठेव," मी म्हटलं, "आणि बर्फ हो."
तो बर्फ झाला. श्वाससुद्धा गोठवला त्याने.

फिल्म दोरीवर टांगली. पाणी निथळलं.
हाडांची टोकं सगळी विस्कटलेली,
जुन्या घोंगडीच्या दशा सुटाव्यात तशी.

डॉक्टर पुरेवनी विचारलं, "दूध?"
नानसल्मा जवळजवळ चिडलीच.
"दूध विचारता? आम्हाला?
अकरा याक दुभत्या. शेळ्या तर आम्ही मोजतही नाही.
चहात दूध, दुपारी दही, रात्री ही एवढी जाड साय."
आणि मग, कुणी न विचारता,
तिने दही कसं लावते ते सांगितलं:
कोमट दूध, चमचाभर कालचं,
भांड्याभोवती कातडं, नमदा, शाल,
चुलीच्या बाजूला, आणि कुणी हलवायचं नाही.
"थंडी लागली की दही लागत नाही."
बोलता बोलता तिचे हात
मुलाची दोरी पुन्हा बांधत होते,
एक वेढा, दोन वेढे

आणि तिसऱ्याला थांबले.

मलाही आईने असंच बांधलं होतं.
डॉक्टरांनाही बांधलं असणार.

दूध पोटात पोचलं होतं त्याच्या.
पोटापासून हाडापर्यंत वाटाड्या लागतो,
आणि तो उघड्या कातडीवर उन्हातून उतरतो.
हिवाळाभर घरात ऊन यायचं ते
छपराच्या गोल झरोक्यातून, ताटाएवढं.
भिंतीवरून सरकत सरकत
दह्याच्या भांड्यावर पडायचं
आणि विझायचं.

थेंबांची बाटली दिली. "रोज?" "रोज."
"दुधातून चालेल?" "चालेल.
आणि ऊन तापलं की सोडा त्याला."
बाटली गोठू नये म्हणून
तिने ती अंगरख्यात, छातीशी ठेवली.

जुलैत लसींच्या गाडीतून मी त्यांच्या तळावर गेले.
गेरच्या छपरावर फळ्या,
फळ्यांवर आरूलचे तुकडे वाळत घातलेले,
प्रत्येकावर नानसल्माच्या बोटांचे ठसे.
आणि खाली, दारासमोर, नमद्यावर,
उघडाबंब चुलूनबात.
"दोघांना एकदमच मांडते," ती म्हणाली.
"पाऊस आला तर आधी आरूल उचलते."

सप्टेंबरची फिल्म मी दोनदा पुसून पाहिली.
हाडाच्या टोकाशी एक पांढरी रेघ,
बारीक, सलग,
तापून उतरवलेल्या दुधावर
पहिली साय धरते तशी.
पाय अजून वाकडेच आहेत.
"होतील सरळ, बहुतेक," डॉक्टर म्हणाले,
आणि "बहुतेक" म्हणजे किती, हे नानसल्माने
बाहेर जाऊन परत येऊन विचारलं.

चुलूनबातने जाताना खिशातून
लोकर चिकटलेला आरूलचा तुकडा काढला,
माझ्या हातावर ठेवला, आणि बघत उभा राहिला,
खातेय की नाही.
मी तो दाढेखाली धरला. दाबला.
काहीतरी मोडलं.

आरूल नव्हतं ते.